रोड मूल, लठ्ठ मूल आणि समाजवादी कार्यकर्ता

मुलांच्या लठ्ठपणाचा विषय चळवळीच्या बैठकीत कोणी काढलाच, तर त्याच्या वाट्याला बहुधा हशा येतो. ज्या राज्यातील मेळघाटच्या बालमृत्यूंनी १९९० च्या दशकात सारा देश हादरला, ज्या राज्यात उसाच्या फडावर जन्मलेल्या मुलाचे वजन करावयास कोणी फिरकत नाही, तेथे शहरातील चार खात्यापित्या घरांतल्या गुटगुटीत मुलांची चिंता कशासाठी वाहावयाची, असा त्या हशामागील भाव असतो. हा भाव अप्रामाणिक नाही. कार्यकर्ते थोडे, साधने तुटपुंजी आणि अन्याय पावलोपावली. अशा वेळी कोणता प्रश्न आधी हाती घ्यावा याचा हिशेब करावाच लागतो. परंतु हा हिशेब ज्या समजुतीवर मांडला जातो ती समजूतच जुनी झाली आहे. लठ्ठपणा श्रीमंताचा आणि रोडपणा गरिबाचा, अशी सोयीची वाटणी आता उरलेली नाही. आपल्याकडे ती कधी पूर्णपणे खरी होती काय, याविषयीही शंका घ्यावी असे पुरावे खुद्द पुणे जिल्ह्यातील खेड्यांतून पुढे आले आहेत.

प्रथम राज्याची स्थिती पाहावी. २०१५-१६ आणि २०१९-२१ अशा दोन राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहण्या शेजारी ठेवल्या, तर महाराष्ट्रात पाच वर्षांखालील मुलांपैकी उंचीच्या मानाने वजन कमी असलेल्यांचे प्रमाण दोन्ही वेळा २५.६ टक्केच भरते. म्हणजे दर चार मुलांमागे एक मूल हाडकुळे होते, आणि चार-पाच वर्षांच्या साऱ्या घोषणांनंतरही तितकीच मुले हाडकुळी राहिली. वयाच्या मानाने उंची खुंटलेल्या मुलांचे प्रमाण ३४.४ वरून ३५.२ टक्क्यांवर गेले. याच काळात, याच राज्यात, याच वयोगटात प्रमाणाबाहेर वजन असलेल्या मुलांचे प्रमाण १.९ वरून ४.१ टक्क्यांवर गेले, दुपटीहून अधिक झाले. भूक जागची हलली नाही आणि तिच्या शेजारी लठ्ठपणा येऊन बसला. मोठ्या मुलांकडे वळावे, तर २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासाने भारतातील ५ ते १९ वर्षे वयाच्या लठ्ठ मुलामुलींची २०२२ मधील संख्या सुमारे सव्वा कोटी सांगितली आहे. १९९० साली ती चार लाखांच्या घरात होती. सव्वा कोटी मुले केवळ मलबार हिलवर आणि कोथरूडच्या बंगल्यांत राहत नसतात, एवढे तरी मान्य व्हावे.

आता पुण्याकडील पुरावा. तेथील के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून जिल्ह्यातील काही खेड्यांतील स्त्रियांची गरोदरपणाआधीपासून नोंद ठेवली. त्यांना होणारी मुले मोजली, तोलली आणि त्यांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील नवजात मुलांशी केली. २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. इंग्लंडचे मूल जन्मतः सरासरी साडेतीन किलोचे होते आणि पुण्याच्या खेड्यातले २.७ किलोचे. हातपाय बारीक, स्नायू कमी, पोटातील अवयव लहान. मात्र त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. शेतात राबणाऱ्या, अर्धपोटी आईच्या उदरातील गर्भाने सर्वत्र काटकसर केली आणि चरबी तेवढी जपली. त्याआधी १९९९ साली पुण्यातीलच दुसऱ्या एका अभ्यासात असे आढळले होते, की जन्मतः हलकी असलेली आणि आठव्या वर्षापर्यंत वजनाने जड झालेली मुले मधुमेहाच्या वाटेवर सर्वांत पुढे असतात.

या दोन गोष्टी एकत्र वाचल्या म्हणजे कार्यकर्त्यांचा हशा मावळावा. रोड मूल आणि लठ्ठ मूल ही दोन वर्गांची दोन मुले नव्हेत; कित्येकदा ते एकच मूल असते, दहा वर्षांच्या अंतराने पाहिलेले. आईच्या पोटात उपाशी राहिलेले मूल पुढे शहराच्या झोपडपट्टीत येते, तेथे त्याला पोषण मिळत नाही, पण उष्मांक मात्र स्वस्तात मिळतात. तेल, मैदा आणि साखर यांवर ते वाढते. त्याचे वजन वाढते, उंची वाढत नाही, रक्त पातळच राहते. वजनाचा काटा त्याला धष्टपुष्ट ठरवतो आणि रक्ततपासणी त्याला कुपोषित ठरवते. दोन्ही खरे असते.

मग या मुलाला दोष कोणाचा म्हणून सांगितले जाते? प्रथम त्याचाच. ते आळशी आहे, खादाड आहे. नंतर त्याच्या आईचा. ती लाड करते, स्वयंपाकाचा कंटाळा करते. वृत्तपत्रांच्या आरोग्यविषयक पुरवण्या उघडून पाहाव्यात. तेथे सल्ला असतो तो या दोघांसाठीच, आणि त्याच पानाच्या तळाशी बिस्किटांची जाहिरात असते.

आईची बाजू कोणीतरी मांडावयास हवी. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, दुष्काळी कामावर खडी फोडून ज्यांनी सुकडी खाल्ली, रेशनवरील तांबड्या मिलोच्या भाकरी ज्यांनी गिळल्या, त्या पिढीच्या आजी-आजोबांना नातवाच्या अंगावरील बाळसे म्हणजे संकट टळल्याची खूण वाटते. ते मूल आणखी एक पोळी खाते याचा त्यांना आनंद होतो. हा आनंद अडाणीपणाचा नव्हे. तो इतिहासातून आलेला आहे. ज्या समाजाने शतकानुशतके मुलांना उपासमारीत मरताना पाहिले, त्याने गुबगुबीत गालांना सौंदर्य मानले यात नवल ते काय? त्यांना तुच्छतेने शहाणपण शिकवू पाहणारा तज्ज्ञ त्यांच्या घरातून लवकरच बाहेर पडेल, आणि तेच योग्य होय.

आणि तरुण आई? ती सकाळी सातला चार घरच्या धुण्याभांड्यांना बाहेर पडते किंवा आठच्या लोकलने कारखान्यात जाते. मूल शाळेतून परतते तेव्हा घराला कुलूप असते. जाताना तिने त्याच्या हातावर दहा रुपये ठेवलेले असतात. या दहा रुपयांत काय मिळते? दोन केळी कदाचित मिळतील, मूठभर शेंगदाणे मिळतील. एक अंडे मिळाले तरी ते उकडून देणारे कोणी घरी नसते. मात्र पाच रुपयांच्या चुरचुरीत पुडीसाठी कोणाची गरज लागत नाही. ती कोपऱ्यावरच्या टपरीला तोरणासारखी टांगलेली असते. ती शिळी होत नाही, नासत नाही, तिच्यावर मुलाच्या ओळखीच्या नटाचे किंवा क्रिकेटपटूचे चित्र असते, आणि तिची किंमत पाचच रुपये राहावी म्हणून कंपनी वर्षानुवर्षे आतला माल ग्रॅमाग्रॅमने कमी करीत आलेली असते. जे दूध, भाजी, डाळ मुलाने खावी असे तज्ज्ञ सांगतात त्यांची किंमत अशी स्थिर ठेवण्याची तसदी कोणी घेत नाही. बाजाराने गरिबाच्या मुलाला ही एकच निवड दिली आहे. तिला पुन्हा ‘मुलांची आवड’ असे नाव देण्यात येते.

या पुडीत जी साखर असते तिचाही माग काढावा. दिवाळीनंतर बीड आणि मराठवाड्यातील इतर जिल्ह्यांतून लाखो स्त्रीपुरुष कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. त्यांची मुले शाळा सोडून त्यांच्याबरोबर जातात. पाचटाच्या कोपीत राहतात, पहाटे चारला आईबरोबर उठतात, गुऱ्हाळापेक्षा गोड अशा वाऱ्यात रोड होत जातात. त्यांच्या आईबापांनी तोडलेल्या उसाची साखर सहकारी आणि खाजगी कारखान्यांतून निघते, बाटल्या आणि पुड्या भरणाऱ्यांकडे जाते आणि मुंबई-पुण्याच्या मुलांच्या अंगावर चढते. साखर कारखानदारीने या राज्यात रस्ते, महाविद्यालये आणि मंत्री निर्माण केले. तोडणी कामगाराच्या मुलाला मात्र तिने पुरेसे दूध दिले नाही आणि शहरातल्या मुलाला नको तितकी साखर दिली. हा एकाच धंद्याचा दुहेरी ताळेबंद होय.

येथे समाजवादी पक्षांना स्वतःकडेही थोडे पाहावे लागेल. १९७७ साली जनता पक्षाचे सरकार आले आणि उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांनी कोका-कोला कंपनीला परकी चलन कायद्याप्रमाणे भांडवलाचा हिस्सा चाळीस टक्क्यांवर आणावयास सांगितले. कंपनीने नकार दिला आणि देश सोडला. कार्यकर्त्यांची छाती त्या वेळी फुगली होती, आणि त्यात गैर काही नव्हते. एका बलाढ्य परदेशी कंपनीला या देशाचा कायदा पाळावयास सांगण्याचे धैर्य त्यात होते. पण पुढे काय झाले? पावाचा धंदा करणाऱ्या मॉडर्न फूड इंडस्ट्रीज या सरकारी कंपनीने त्याच धर्तीचे पेय काढले आणि क्रांतीच्या वर्षाची आठवण म्हणून त्याचे नाव ‘डबल सेव्हन’ ठेवले. बाटलीची मालकी कोणाची, हा प्रश्न विचारला गेला. बाटलीत काय आहे, हा विचारला गेला नाही. (हे वाचून जुन्या काही कार्यकर्त्यांना राग येईल. तो समजण्यासारखा आहे.) ते पेय फार काळ चालले नाही. १९९३ साली कोका-कोला परत आली आणि या वेळी तिला अटी घालणारे कोणी नव्हते.

अशा प्रकारच्या पेयाच्या ३०० मिलीलिटरच्या एका बाटलीत सुमारे ३० ग्रॅमांहून अधिक साखर असते, म्हणजे चहाचे सात-आठ चमचे. दिवसाच्या उष्मांकांपैकी दहा टक्क्यांहून कमी, आणि शक्य तर पाच टक्क्यांहून कमी उष्मांक वरून घातलेल्या साखरेतून यावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ज्या मुलाला दिवसाला १६०० उष्मांक लागतात त्याच्यासाठी पाच टक्के म्हणजे २० ग्रॅम. म्हणजे एका बाटलीत दीड दिवसाची साखर संपली. चहा, बिस्किटे आणि सणाचे गोडधोड अद्याप बाकीच आहे.

सरकार काय करते? सरकार फलक लावते. मे २०२५ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्या शाळांना ‘साखर फलक’ लावण्याची सूचना दिली. कोणत्या पेयात किती साखर आहे ते मुलांनी त्यावर वाचावे. वाचून मूल फाटकाबाहेर पडते आणि फाटकाला लागूनच टपरी असते. वस्तुतः अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांप्रमाणे चरबी, मीठ आणि साखर अधिक असलेले पदार्थ शाळेच्या उपाहारगृहात आणि आवारापासून ५० मीटरच्या आत विकण्यास मनाई आहे. किती शाळांभोवती हे पन्नास मीटर कोणी मोजले? अर्थात हा नियम टपरीवाल्याच्या पोटावर पाय देऊन अंमलात आणू नये. त्याने चणे-फुटाणे, काकडी, पेरू, उकडलेली अंडी विकावी म्हणून नगरपालिकेने त्याला परवान्यात आणि जागेत सवलत द्यावी. गुन्हेगार तो नव्हे. पुड्या टांगणारी साखळी त्याच्या डोक्याच्या फार वरून सुरू होते.

करांचेही तसेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे दर बदलले. शीतपेयांवर ४० टक्के, त्यांत साखर असो वा नसो. आणि बिस्किटे, चॉकलेट, आइस्क्रीम, नमकीन, झटपट शेवया यांवर मात्र ५ टक्के. साखर पाण्यात विरघळली की पाप, आणि तीच तेलामैद्यात मळली की जीवनावश्यक! ब्रिटनने २०१८ साली पेयांवर कर बसवला तो साखरेच्या प्रमाणानुसार चढता बसवला. उत्पादकांनी कर चुकवण्यासाठी साखरच कमी केली, आणि ते हवेच होते. आपल्या करात असा कोणताही विचार दिसत नाही.

पुडीच्या दर्शनी भागावर धोक्याची सूचना छापावी, ही मागणी अनेक आरोग्य संघटना वर्षानुवर्षे करीत आहेत. प्राधिकरणाने २०२२ साली मसुदा काढला तो तारे देण्याचा. वाईट मालालाही अर्धा तारा, एक तारा मिळेल. परीक्षेत नापास कोणीच नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने तीन महिन्यांत शिफारशी करा असे सांगितले आणि जुलैमध्ये आणखी मुदत मागून घेण्यात आली. मुदती मागण्याच्या या खेळात मुलांची एक-एक इयत्ता पुढे सरकत असते.

हे करता येते की नाही, याचे उत्तर चिली या देशाने दिले आहे. आणि समाजवाद्यांनी त्या देशाकडे पाहावे याला दुहेरी कारण आहे. साल्वादोर आयेंदे हे पेशाने डॉक्टर होते. १९३९ साली आरोग्यमंत्री म्हणून काम सुरू करतानाच त्यांनी चिलीतील जनतेच्या आरोग्याचा आणि दारिद्र्याचा संबंध दाखवणारे पुस्तक लिहिले होते. १९७० साली ते राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा देशातील प्रत्येक मुलाला रोज अर्धा लिटर दूध, ही त्यांच्या पहिल्या कार्यक्रमांपैकी एक गोष्ट होती. त्या वेळी चिलीचा प्रश्न रोड मुलांचा होता. सप्टेंबर १९७३ मध्ये लष्कराने त्यांची राजवट उलथली, त्यात त्यांचा अंत झाला, आणि पुढे खुल्या बाजाराचे प्रयोग त्या देशावर जितक्या निर्दयपणे झाले तितके क्वचितच कोठे झाले असतील. शतक संपेपर्यंत चिलीचा प्रश्न लठ्ठ मुलांचा झाला होता. तेव्हा ग्विदो गिरार्दी या सिनेटरने, तेही डॉक्टरच, वर्षानुवर्षे कंपन्यांशी झुंज देऊन कायदा करून घेतला. जून २०१६ पासून तो अंमलात आला. साखर, मीठ, चरबी किंवा उष्मांक जास्त असलेल्या प्रत्येक पुडीवर काळा अष्टकोनी शिक्का बसला. असा शिक्का असलेला माल शाळेत विकावयाचा नाही, १४ वर्षांखालील मुलांना उद्देशून त्याची जाहिरात करावयाची नाही, पुडीवर कार्टून छापावयाचे नाही आणि आत खेळणे घालावयाचे नाही. पहिल्या दीड वर्षात साखरी पेयांची खरेदी सुमारे एक चतुर्थांशाने घटली. ज्या घरात आई कामावर जाते तेथे मूलच पुडी निवडत असते. काळा शिक्का त्या मुलाला वाचता येतो, आकडे वाचता येत नाहीत.

आपल्याकडे असा कायदा अशक्य आहे असे म्हणणाऱ्यांनी १९९२ चा बालदुग्धपर्यायांविषयीचा कायदा आठवावा. डब्यातील दुधाच्या जाहिरातींवर त्याने बंदी घातली. गुबगुबीत बाळांची चित्रे डब्यांवरून उतरली आणि कंपन्यांचे दिवाळे निघाले नाही.

अन्नाइतकाच प्रश्न मैदानाचा आहे, आणि येथे महाराष्ट्राचा अपराध मोठा आहे. पाच ते सतरा वर्षांच्या मुलाने रोज किमान एक तास धाप लागेल असे खेळावे, असे आरोग्य संघटना सांगते. कोठे खेळावे ते ती सांगत नाही. मुंबईतील गिरण्यांची सुमारे सहाशे एकर जमीन १९८२ च्या संपानंतर रिकामी होऊ लागली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमाने तिचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी पालिकेला, एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी आणि उरलेला मालकांना द्यावयाचा होता. २००१ साली नियमात दुरुस्ती झाली. वाटणी साऱ्या जमिनीची नव्हे, तर ज्या भागावर बांधकाम नव्हते तेवढ्याचीच करावयाची, असा त्याचा अर्थ निघाला. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. शेकडो एकरांच्या जागी चतकोर तुकडे हाती आले. लालबाग-परळच्या मुलांनी ज्या मैदानांवर हुतूतू आणि लगोरी खेळावयाची ती मैदाने आज काचेच्या बुरुजांखाली आहेत. त्याच बुरुजांत वातानुकूलित व्यायामशाळा आहेत आणि त्यांची वर्गणी गिरणी कामगाराच्या नातवाला परवडणारी नाही. नव्या वसाहतींत फाटकाजवळच पाटी असते, ‘येथे मुलांनी चेंडू खेळू नये’. मोटारींना जागा हवी असते.

राष्ट्र सेवा दलाची १९४१ साली नव्याने उभारणी झाली तेव्हा संध्याकाळची शाखा हा तिचा प्राण होता. तेथे कबड्डी, खो-खो, लेझीम होते. साधने जवळजवळ शून्य आणि जागा हातभर. जातीपातीची आणि घराघरांची मुले एका घामात न्हाऊन निघत. त्या शाखेने कोणाचे वजन मोजले नाही, पण असंख्य मुलांची शरीरे घडवली. आज कार्यकर्ते मुलांसाठी शिबिरे घेतात ती सभागृहात, खुर्च्या मांडून. भाषणे चांगली असतात. मुले बसलेली असतात.

मुलींविषयी तर चळवळीतही बोलले जात नाही. मैदान आहे तेथेही ते मुलग्यांचे असते. मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली, पाळी सुरू झाली, की तिचा खेळ थांबतो. संध्याकाळी ती पाणी भरते, धाकट्याला सांभाळते, भाकऱ्या थापते. आणि शेवटी जेवते, तळाशी उरलेले. याच वर्षांत तिची हाडे आणि रक्त बनायचे असते. पुढे पाच-सहा वर्षांत तिचे लग्न होते आणि पुन्हा एक २.७ किलोचे मूल जन्माला येते. मुलींसाठी राखीव वेळ, मैदानावर एक क्रीडाशिक्षिका आणि बंद दाराचे स्वच्छ शौचालय, एवढ्याने पुष्कळ काही बदलेल.

नववी-दहावीच्या मुलांचा वेळही हिरावला गेला आहे. शारीरिक शिक्षणाचा तास गणिताला जातो, संध्याकाळ शिकवणीला, रात्र पाठांतराला आणि उरलेली मोबाइलला. किशोरवयीन मुलाला रोज आठ ते दहा तास झोप हवी असते. झोप कमी पडली की भूक वाढते आणि तीही गोडाची व तळलेल्याची. शिकवणीच्या दारातील वडापावच्या गाडीवर म्हणूनच गर्दी असते. वडापावाचा राग धरण्याचे कारण नाही. आठ तास मागावर उभ्या राहणाऱ्या गिरणी कामगाराने तो खाल्ला आणि पचवला. त्याचा नातू आठ तास बाकावर बसून तोच खातो.

शाळेतील मध्यान्ह भोजन हे या साऱ्यात सरकारच्या हाती असलेले सर्वांत मोठे साधन. २८ नोव्हेंबर २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने शिजवलेले ताजे अन्न हा मुलांचा हक्क ठरला. पहिली ते पाचवीपर्यंत ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीपर्यंत ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने असे त्याचे माप आहे. रोज दुपारी डाळ-भाजी-भाताने पोट भरलेले मूल पुडीकडे कमी वळते, आणि म्हणून ही खिचडी रोड व लठ्ठ अशा दोन्ही मुलांचे औषध आहे. पण ती आठवीला संपते. ज्या वयात मुलामुलींची उंची झपाट्याने वाढते त्याच वयात सरकार ताट काढून घेते. तामिळनाडूने १९८४ सालीच आपली योजना दहावीपर्यंत नेली होती. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडे, न खाणाऱ्यास केळे, देण्याचे ठरवले. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यांचा खर्च सरकारने अंगाबाहेर टाकला आणि शाळांनी तो लोकसहभागातून भागवावा असे सुचवले. आठवड्याला एक अंडे! ज्यांच्या घरी अंडे नाही त्यांच्याच गावाने वर्गणी काढावी, असा हा सहभाग आहे. आणि हे अन्न शिजवणाऱ्या स्त्रियांना केंद्राने २००९ साली ठरवलेले महिना १००० रुपये मानधन महागाईच्या कोणत्या निर्देशांकात बसते?

कार्यकर्त्यांनी या प्रश्नात उतरावयाचे तर एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे लागेल. मुलांना रांगेत उभे करून तोलणे, वर्गासमोर वजन वाचून दाखवणे, ‘ढोल्या’ आणि ‘काडी’ यांची शर्यत लावणे, असले कार्यक्रम उत्साहाच्या भरात होऊ शकतात. ते घातक आहेत. लाज वाटून कोणतेही मूल निरोगी झालेले नाही. चोरून खाणारी आणि मैदान टाळणारी मुले मात्र त्यातून घडतात, आणि किशोरवयीन मुली तर जेवणच सोडतात. वाढत्या मुलाचे वजन उतरवण्याचा ध्यास सहसा घ्यावयाचाच नसतो. वजन स्थिर ठेवून उंचीला पुढे जाऊ दिले तरी पुरते. त्याहून अधिक काही हवे असेल तर ते डॉक्टरांनी ठरवावे, शेजाऱ्यांनी नव्हे. घरातील एका मुलाला वेगळे ताट वाढू नये. बदल करावयाचा तो साऱ्या घराच्या जेवणात, बापाच्या ताटासह. जेवताना दूरदर्शन आणि मोबाइल बंद असावा, गोड पदार्थ बक्षीस म्हणून देऊ नये आणि अन्न काढून घेणे ही शिक्षा असू नये. पोट भरले म्हणणाऱ्या मुलाला आणखी दोन घास भरवू नयेत. ज्यांच्या घरी हे शक्य आहे त्यांनी ते जरूर करावे. ज्यांच्या घरी संध्याकाळी सातपर्यंत मोठे माणूसच नसते, त्यांच्यासाठी वस्तीत पाळणाघर आणि खेळघर उघडण्याची मागणी करावी लागेल.

शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेला मैदान बंधनकारक केले आहे, आणि शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक व निम्म्या स्त्रिया असाव्यात असेही सांगितले आहे. या समित्यांवर पक्षाचे आणि मित्रसंघटनांचे अनेक कार्यकर्ते आहेत. बहुतेक ठिकाणी समितीची बैठक कागदावर सह्या करण्यापुरती होते. येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर त्यांनी तीन बाबी लेखी घालावयास हरकत नाही: फाटकापासूनचे पन्नास मीटर मोजून त्याची नोंद करणे, अंड्यांचा खर्च सरकारनेच सोसावा असा ठराव शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवणे, आणि शाळा सुटल्यावर मैदानाला कुलूप न लावता ते सातपर्यंत वस्तीतील मुलामुलींना खुले ठेवणे. मुख्याध्यापक बहुधा तिसऱ्या बाबीला विरोध करतील. रखवालदाराचा पगार कोणी द्यावयाचा, असे विचारतील. त्या पगाराची तरतूद नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात करून घेण्याचे काम नगरसेवकांचे आहे, आणि अंदाजपत्रकाच्या बैठका फेब्रुवारी-मार्चमध्ये असतात.